पोच आणि रोजकीर्द
संगणकाच्या माहितीपर संदेशांविषयी थोडेसे

धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत संगणकाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न कित्येक सभासद बंधुभगिनींच्या मनात येणे साहजिक आहे. संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली, विद्यार्थ्यांचे यश यांस या पानांवर पहिला मान आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि आज लिंबायतमध्ये असे घर क्वचितच आढळेल की ज्यात दिवसातून चार-दोन वेळा एखादे यंत्र काही ना काही निरोप सांगत नाही. "पैसे जमा झाले", "व्यवहार प्रलंबित आहे", "तिकीट प्रतीक्षा यादीत आहे", "आपला अर्ज मिळाला" असे हे निरोप असतात. ते एका ओळीचे असतात. पण आपला पैसा, आपला वेळ आणि प्रसंगी आपली अब्रूही त्या ओळीवर अवलंबून असते. म्हणून हे निरोप कसे घडतात, चांगला निरोप कोणता व वाईट कोणता, आणि त्यांच्या पाठीमागे यंत्र कोणती नोंद ठेवते, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे इष्ट होय.

पोच

आपल्यापैकी अनेक कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी सुरतेस आली. कोणी यंत्रमागावर उभे राहिले, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत लागले. पगार झाला की गावी मनिऑर्डर करण्याची रीत होती. हिंदुस्थानात टपाल खात्याने मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू केली आणि जुन्या पद्धतीची कागदी मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. वडीलधाऱ्या मंडळींस तिचा फॉर्म आठवत असेल. त्याला एक लहान तुकडा जोडलेला असे. गावी पोस्टमनने पैसे दिले की घेणाऱ्याची सही अगर अंगठा त्या तुकड्यावर घेतला जाई आणि तो तुकडा टपालाने पाठविणाऱ्याकडे परत येई. त्यास आपण पोच म्हणत असू.

त्या चतकोर कागदाने किती काम केले, याचा विचार करून पाहावा. किती रुपये, कोणास, कोणत्या तारखेस मिळाले, एवढे तो सांगे. तो हाती आला की आणखी काही करावयाचे उरत नसे. मन निश्चिंत होई. आणि तो आला नाही, तर पोस्टात जाऊन चौकशी करावयाची, हेही सर्वांस माहीत असे. संगणकशास्त्रात ज्यास माहितीपर संदेश म्हणतात, तो म्हणजे ही पोचच होय. त्यात तक्रार नसते, धमकी नसते, आज्ञाही नसते. "अमुक काम झाले" एवढेच तो सांगतो.

रोजकीर्द

आता दुसरी बाजू पाहू. देणगीदाराने संस्थेच्या कार्यालयात पाचशे रुपये दिले, तर त्याच्या हाती पावती पडते. पण संस्थेचे काम तेवढ्याने संपत नाही. पावतीची स्थळप्रत पुस्तकात राहते, रक्कम त्याच दिवशी रोजकीर्दीत चढते आणि तेथून खतावणीत जाते. वर्षअखेर हिशेबतपासनीस येतात ते देणगीदाराच्या खिशातील पावती पाहावयास येत नाहीत. ते रोजकीर्द पाहतात. १९५० च्या मुंबई सार्वजनिक न्यास कायद्याने हिशेब ठेवण्याचे व तपासून घेण्याचे बंधन संस्थांवर घातले, आणि १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तरी ते बंधन दोहींकडे कायम राहिले.

संगणकाचेही असेच आहे. पडद्यावर दिसणारा निरोप ही वापरणाऱ्याच्या हाती दिलेली पावती. पण त्याच क्षणी यंत्र स्वतःच्या वहीतही एक ओळ लिहिते. या वहीस इंग्रजी परंपरेत लॉग म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात टाकीत आणि ठरलेल्या वेळात किती दोरी सुटली ते मोजीत. हे माप ज्या वहीत लिहीत तिला लॉगबुक हे नाव पडले, आणि पुढे संगणकाच्या वहीसही तेच नाव लागले. आपल्याकडे हा संस्कार नवा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दींचे रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले, आणि त्यांच्या आधारे इतिहासकार त्या काळचा कारभार समजून घेतात. लिहिणाऱ्या कारकुनांनी ते इतिहासासाठी लिहिले नव्हते. त्या दिवशी जे झाले ते त्या दिवशी लिहिले, एवढेच त्यांनी केले.

यंत्राच्या वहीतील एक ओळ साधारणतः अशी असते, असे समजा : "१० तारीख, सकाळी ९ वाजून ४२ मिनिटे ७ सेकंद, माहिती, अमुक क्रमांकाचा व्यवहार, पाठविणाऱ्याच्या खात्यातून ५०० रुपये वजा." वेळ, दर्जा, कोणते काम, आणि काय झाले, हे चार भाग तिच्यात आले पाहिजेत. यांपैकी एक जरी गळला, तरी वही जाडजूड असूनही वेळेला निरुपयोगी ठरते. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो काढून वहीतच चिकटविला व शेजारी वेळ आणि कारण लिहिले. ते पान अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बिघाड क्षुल्लक होता. नोंद व्यवस्थित होती, म्हणून तो आजही सांगता येतो.

निरोपांच्या पायऱ्या

सर्व निरोप एका तोलाचे नसतात. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने संगणकांच्या नोंदींसाठी एक पद्धत तयार केली. पुढे ती सर्वत्र पसरली आणि २००९ मध्ये तिचे सुधारित मानक प्रसिद्ध झाले. तिच्यात नोंदींचे आठ दर्जे आहेत. वरून खाली ते असे : आणीबाणी, तातडी, गंभीर, चूक, इशारा, ठळक नोंद, माहिती आणि तपासणी. आणीबाणीस शून्य क्रमांक आहे, माहितीस सहावा, तर कारागिराने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या बारीकसारीक तपासणीस सातवा. माहितीची जागा अशी तळाशी असली, तरी निरोगी यंत्राच्या वहीत बहुतेक ओळी माहितीच्याच असतात.

हे दर्जे कशासाठी, हे लिंबायतकरांस पुस्तकाविना समजण्यासारखे आहे. पावसाळ्यात मिठी खाडी चढू लागली, की "खाडीची पातळी इतके मीटर" ही माहिती झाली. "पातळी धोक्याच्या खुणेजवळ आली" हा इशारा. "पाणी वस्तीत शिरले" ही गंभीर नोंद, आणि "ताबडतोब घरे सोडा" ही आणीबाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, ती आठवण ज्यांस आहे त्यांस या चार वाक्यांतील अंतर सांगावयास नको. चारही वाक्ये एकाच भोंग्यावर, एकाच आवाजात रोज ऐकविली, तर आठवड्याभरात लोक भोंग्याकडे लक्ष देणे सोडतील. उलट पातळीची साधी माहिती कोणी देतच नसेल, तर इशारा आला तेव्हा तो कशावरून आला हेच कळणार नाही. म्हणून माहिती शांतपणे सांगावी, इशारा ठळकपणे द्यावा, आणि आणीबाणीचा आवाज आणीबाणीसाठीच राखून ठेवावा.

२०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्तीच्या सूचनांची चाचणी घेतली, तेव्हा देशभर असंख्य फोन एकाएकी मोठ्याने वाजले. आवाज धोक्याचा होता, कारण चाचणी त्या आवाजाचीच होती. पण मजकुरात स्पष्ट लिहिले होते की हा नमुन्याचा संदेश आहे आणि आपणांस काहीही करावयाचे नाही. "आपणांस काही करावयाचे नाही" हे वाक्य फार मोलाचे आहे. पुष्कळ माहितीपर संदेशांत नेमके तेच नसते, आणि वाचणारा उगाच घाबरा होतो.

दुर्लक्षाची सवय

निरोप मोघम असला व वारंवार येऊ लागला, म्हणजे काय होते, याचे एक दुःखद उदाहरण वैद्यकीय क्षेत्रातील आहे. कॅनडात तयार झालेले थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर अतिमात्रा दिली. त्यांपैकी काही दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील एका रुग्णालयात उपचार चालू असता पडद्यावर "मालफंक्शन ५४" एवढेच उमटले व यंत्र थांबले. पडद्यावर दिसत होते की २०२ मात्रांपैकी केवळ ६ दिल्या गेल्या आहेत. त्या क्रमांकाचा उपयोगी खुलासा माहितीपुस्तकात नव्हता. असे बिघाड दाखविण्याची त्या यंत्रास सवयच होती. कित्येकदा दिवसाकाठी चाळीस-चाळीस वेळा. आणि एक कळ दाबली की काम पुढे सुरू होई. चालकाने रोजच्यासारखी कळ दाबली. प्रत्यक्षात रुग्णाच्या अंगात पहिल्याच वेळी प्रचंड मात्रा गेलेली होती.

यात दोष चालकाचा म्हणता येईल काय? यंत्राने त्यास जीवघेण्या प्रसंगीही तीच रुक्ष ओळ दाखविली, जी किरकोळ प्रसंगी दाखविली जाई. भरतकामाच्या यंत्रावर काम करणाऱ्या आपल्या कारागिरांस याची कल्पना येईल. दोरा तुटला की यंत्र थांबते व दिवा लागतो. कारागीर पाहतो, दोरा ओवतो, यंत्र चालू करतो. दिव्याचा अर्थ एकच असल्यामुळे त्याची फसगत होत नाही. तोच दिवा सुई मोडली, बॉबिन संपली, मोटार तापली अशा दहा कारणांनी लागू लागला, तर चांगल्यातला चांगला कारागीरही अखेर न पाहताच बटण दाबू लागेल.

"प्रलंबित" म्हणजे काय

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे वळू. गावी पैसे पाठविण्याचे काम आज मनिऑर्डरीऐवजी यूपीआय करते. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही पद्धत उभारली आणि ११ एप्रिल २०१६ रोजी तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत तिचा आरंभ झाला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

यूपीआयने पैसे पाठविले, म्हणजे तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात : झाले, झाले नाही, आणि प्रलंबित. पहिली दोन सरळ आहेत. लोक गोंधळतात ते तिसऱ्यापाशी. घडते ते असे. आपल्या फोनवरून निघालेली विनंती कॉर्पोरेशनच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. ती यंत्रणा आपल्या बँकेस रक्कम वजा करण्यास सांगते, आणि वजा झाल्याचे उत्तर आल्यावर घेणाऱ्याच्या बँकेस जमा करण्यास सांगते. या दुसऱ्या बँकेचे उत्तर वेळेत आले नाही, तर यंत्रणेस ठाऊक नसते की रक्कम जमा झाली की नाही. पोस्टमन गावात पोहोचला आहे, पण पोच अजून आलेली नाही, अशी ही अवस्था होय. म्हणून "प्रलंबित" हा प्रामाणिक निरोप आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव तो आणत नाही.

पण प्रामाणिक निरोपही अपुरा असू शकतो. नुसते "प्रलंबित" वाचून माणूस पुन्हा पैसे पाठवितो आणि दोनदा रक्कम जाते. निरोपाने पुढे सांगितले पाहिजे : "पुन्हा पाठवू नका, रक्कम जमा झाली नाही तर ती आपल्या खात्यात परत येईल." रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने यासाठी मुदती ठरवून दिल्या. व्यक्तीस पाठविलेली रक्कम वजा झाली पण जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. निरोपात ही एक ओळ असती, तर किती घरांची झोप वाचली असती!

पुन्हा पुन्हा विचारण्याचा परिणाम केवढा होऊ शकतो, हे १२ एप्रिल २०२५ रोजी दिसले. त्या दिवशी देशभर काही तास यूपीआय कोलमडले. कॉर्पोरेशनने नंतर कारण सांगितले, ते असे की काही बँकांची यंत्रे "त्या व्यवहाराचे काय झाले?" हा प्रश्न मध्यवर्ती यंत्रणेस सारखी विचारीत होती, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. चौकशीच्या ओझ्याखाली कामच बंद पडले. त्यानंतर चौकशी किती वेळाने व किती वेळा करावी यावर मर्यादा आल्या, आणि ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवरून दिवसात ५० पेक्षा अधिक वेळा शिल्लक पाहता येणार नाही असे ठरले. खिडकीवरील कारकुनास रांगेतील प्रत्येकाने मिनिटामिनिटाला "माझे झाले का?" विचारले तर त्याची लेखणी चालणार कशी, हा व्यवहार यंत्रासही लागू आहे. विचारण्याआधीच योग्य वेळी पोच देणे, हा त्यावरील खरा उपाय होय.

वही दाखविली नाही तर

रोजकीर्दीचे महत्त्व तंटा उभा राहिला म्हणजे कळते. ब्रिटनमध्ये टपाल कार्यालयांसाठी फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेबाची संगणक-यंत्रणा १९९९ पासून बसविण्यात आली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली, की ती लहान पोस्टे चालविणाऱ्या मालकांवर चोरीचा ठपका येई. तेथे सुमारे सोळा वर्षांत ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. त्यांत भारतीय वंशाचीही कुटुंबे होती. सीमा मिश्रा यांस २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली; त्या वेळी त्या गरोदर होत्या. यंत्र चुकू शकते, असे त्या सांगत होत्या. पण यंत्राच्या आतल्या नोंदी त्यांस तपासावयास मिळाल्या नाहीत. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणास फेरफार करता येत नाही, असे पोस्ट ऑफिस म्हणत राहिले, आणि ते खरे नव्हते. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने यंत्रणेत दोष होते असा निर्णय दिला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. त्यांत सीमा मिश्रा होत्या. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला.

पडद्यावर "तूट आहे" हा निरोप होता. तो खरा मानला गेला, कारण तो यंत्राने सांगितला. ती तूट कोणत्या नोंदींतून उद्भवली हे उलगडून पाहता आले असते, तर कित्येक संसार वाचले असते. रोजकीर्दीवाचून दिलेल्या पावतीस अर्थ नाही, आणि पाहू न दिलेली रोजकीर्द ही नसल्यासारखीच होय.

आपल्याकडे या बाबतीत काही पावले पडली आहेत. कंपन्यांचे हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात त्यात प्रत्येक फेरफाराची, पुसता न येणारी नोंद राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यापूर्वी २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस देशातच जपण्याचा आदेश दिला. धर्मादाय संस्थांवर कंपन्यांचा नियम नसला, तरी संगणकावर हिशेब ठेवताना तो पाळण्यास हरकत कोणती? शाईच्या वहीत खाडाखोड केली तर तेथे सही करावी, हा आपला जुनाच नियम आहे.

मात्र वहीत सर्वच लिहू नये. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी सदस्यांस परवलीचा शब्द बदलण्याची विनंती केली. कारण आतल्या नोंदवहीत ते शब्द जसेच्या तसे लिहिले जात असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. कोण आले व केव्हा आले हे लिहावे; त्याच्या कुलपाची किल्ली वहीत ठेवू नये. पिन, परवलीचा शब्द, पूर्ण आधार क्रमांक यांस नोंदीत जागा नाही.

निरोपाची भाषा

शेवटचा मुद्दा आपल्या मायबोलीचा. फोनवर येणारे लघुसंदेश मराठीत क्वचित का येतात? एक कारण गणिताचे आहे. एका लघुसंदेशात १,१२० बिंदू मावतात. इंग्रजी अक्षरास ७ बिंदू पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास १६ बिंदू लागतात, म्हणून ७० च चिन्हे बसतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजले जातात. "लिंबायत" हा शब्द आपल्या डोळ्यांस चार अक्षरांचा. यंत्रास तो सात चिन्हांचा. साहजिकच मराठी संदेशाचे दोन-तीन तुकडे होतात व खर्च वाढतो. परंतु अडचण आहे म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नव्हे. मर्यादा कडक असेल, तर निरोप नेमका लिहावा. "५०० रु. जमा. शिल्लक २,३०० रु." एवढे मराठीत एकाच संदेशात सहज मावते, आणि घरातील आजीसही वाचता येते. जो निरोप ज्याच्यासाठी आहे त्यास कळत नाही, तो निरोप पोचला असे म्हणता येणार नाही.

कुटुंबांसाठी व तरुणांसाठी

वरील विवेचनातून घरोघरी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात. पैसे मिळाले की नाही हे समोरच्याच्या पडद्यावरून ठरवू नये. आपल्या बँकेचा निरोप अगर आपले खाते पाहावे. दुसऱ्याची पावती ही आपली पोच नव्हे. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. व्यवहार अडला, तर त्याचा बारा अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा, कारण बँकेच्या रोजकीर्दीत तीच ओळ शोधावयाची असते. दूरसंचार नियामकाच्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर लघुसंदेश पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येऊ लागले : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. संदेश कोणत्या जातीचा आहे, हे त्यावरून ओळखावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. येणारा निरोप पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा.

आपल्या समाजातील कित्येक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. उद्या हे निरोप तीच लिहितील. त्यांस एवढेच सांगणे आहे. निरोप लिहिताना यंत्रमागावरून थकून आलेला, चष्मा विसरलेला, आणि पगारातील पैसे गावी पाठवू पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. काय झाले, कशाचे झाले, आणि आता त्याने काय करावयाचे, किंवा काहीच करावयाचे नाही, हे त्यास साध्या मराठीत सांगावे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. आणि मागे वहीत अशी ओळ लिहावी, की वर्षभराने कोणा निरपराध माणसावर बालंट आले तर ती ओळ उघडून त्याची सुटका करता येईल.

पावती द्यावी आणि रोजकीर्द स्वच्छ ठेवावी, या दोन सवयींवर आपल्यासारख्या संस्था उभ्या राहतात आणि महोत्सवाचा दिवस पाहतात. यंत्रांकडूनही आपण याहून अधिक मागत नाही, आणि याहून कमीही घेऊ नये.